एकतीस तारखेचा उपास

माझं काम काय आहे, हे मी आईला तीन-चार वेळा समजावून सांगितलं होतं. दर वेळी सगळं ऐकून घेऊन ती शेवटी एकच विचारायची, "म्हंजे शाळंत शिकिवतीस का हापिसात बसतीस?" मी म्हणायचे, हापिसात. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी गावात सांगायची, की लेक पुण्यात मोठ्या शाळेत मास्तरीण आहे. पुढे पुढे मी दुरुस्त करणं सोडून दिलं. आता ती जाऊन वर्ष होत आलं, तरी मुळशी तालुक्यातल्या आमच्या माले गावात मी अजून मास्तरीणच आहे.

तर खरं काम सांगते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी याद्या जोडते. एका यादीत घरोघरच्या पाहणीची माहिती असते, दुसरीत रेशनकार्डं, तिसरीत आशाताईंच्या घरभेटींच्या नोंदी. प्रत्येक यादी वेगळ्या माणसांनी वेगळ्या कारणासाठी केलेली, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. या यादीतली म्हातारी आणि त्या यादीतली म्हातारी एकच का, हे आधी जुळवायचं. मग प्रत्येक रकाना समाजशास्त्राच्या चौकटीत बसवायचा. ही चौकट म्हणजे चार-पाच जड शब्द: आधार, एकटेपण, अवलंबन, सन्मान. "या चुलीवर कोण कोण जेवतं" हा रकाना कुठल्या शब्दाखाली घालायचा, "शेवटचं कोण भेटायला आलं" हा कुठल्या, असं ठरवत ठरवत एक लांबलचक तक्ता तयार होतो. आम्ही त्याला जोडतक्ता म्हणतो. तो वाचून कुणाला झोप लागली नाही असं मी अजून पाहिलेलं नाही.

पण या वेळचा तक्ता नुसता कपाटात जाणार नव्हता. विषय होता मुळशी तालुक्यातली म्हातारी माणसं. आमचं काम झालं की एक संस्था त्या यादीवरून रोजचा शिजवलेला डबा सुरू करणार होती. तक्त्यात ज्याच्या नावापुढे "आधार नाही" येईल त्याच्या दारात दुपारी डबा येणार. ज्याच्यापुढे "भक्कम आधार" येईल, त्याची काळजी करायचं कारण नाही, असं धरलं जाणार. त्यामुळे कुठला रकाना कुठे जातो याला पहिल्यांदाच काही वजन आलं होतं.

आमच्या गटात मुळशीची मी एकटीच. बाकी सगळे शहरातले, हुशार, वाचलेले. त्यांना आवणी म्हणजे काय, पडवी कुठे संपते आणि ओटा कुठे सुरू होतो, हे माझ्याकडून विचारून घ्यावं लागायचं. माझा भाव चांगलाच वधारला होता आणि मी चढूनही गेले होते. बैठकीत कुणी गावाविषयी बोलायला लागलं की मी नुसती हसायचे. ते हसणं आता आठवलं तरी मला माझा राग येतो.

एक दिवस याद्या जुळवताना काही म्हाताऱ्या दोन-दोन घरांत सापडायला लागल्या. नाव तेच, वय तेच, मयत नवऱ्याचं नाव तेच, घरं मात्र दोन. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "दुबार नोंद आहे ही. एक काढून टाका."

मी म्हणाले, "मॅडम, ही दुबार नोंद नाही. ही पाळी आहे."

आणि मग मी अर्धा तास बोलले. मुलगे वेगळे झाले की जमिनीची वाटणी होते, भांड्यांची होते, आईची होत नाही. म्हणून ती एक महिना एकाकडे जेवते आणि एक महिना दुसऱ्याकडे. पाहणी करणारी पोरगी महिनाअखेर एका घरात गेली आणि चार दिवसांनी दुसऱ्या घरात, तर दोन्ही घरं तिचं नाव सांगणार, आणि दोन्ही खरंच सांगणार. "शहरात एकुलता एक मुलगा परदेशी जातो आणि आई एकटी पडते," मी म्हणाले, "इथे एका बाईला दोन चुली आहेत. हा एक आधार नाही, दुहेरी आधार आहे." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नसतं," त्या म्हणाल्या. त्याच दुपारी मी नियम लिहिला: एकाच गावात दोन मुलांच्या घरांत नोंद असलेली वृद्ध व्यक्ती म्हणजे "भक्कम आधार". नियमाखाली माझी सही आहे.

त्या म्हाताऱ्यांमध्ये माझी आई होती. नावं काढून क्रमांक पडायच्या आधी मी तिची ओळ पाहिली. थोरल्या भावाच्या घरात एकदा, धाकट्याच्या घरात एकदा, आणि शेवटच्या रकान्यात "भक्कम आधार". मला बरं वाटलं होतं, हे लपवून काय उपयोग.

आमच्या घरची पाळी वडील गेल्यावर ठरली. थोरला गावातल्या घरी राहिला, भातशेती त्याच्याकडे. धाकट्याने रस्त्याकडेच्या तुकड्यावर स्लॅबचं घर बांधलं. मधे चालत पाच मिनिटांचं अंतर. पहिल्या वर्षी साधं ठरलं होतं, की जानेवारी थोरल्याकडे, फेब्रुवारी धाकट्याकडे, असं आळीपाळीने. मग थोरल्या वहिनीने मूठ आवळून उंचवटे-खळगे मोजले आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्या वाट्याला एकतिसाचे महिने जास्त येतात. शब्दाला शब्द वाढला. शेवटी मामाला बोलावलं. मामा म्हणाला, "म्हैना तीसाचाच धरायचा. तीस दिस हिकडं, तीस दिस तिकडं. दर एक तारखंला बदल. मिटलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथे होते, चहाचे कप गोळा करत होते.

मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारावं असं मलाही वाटलं नाही. लेकीच्या घरी आईबापाने राहायचं नसतं, हे आमच्याकडे बोलून दाखवावं लागत नाही. माझ्या हिंजवडीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आई आली, बाराव्या मजल्यावरून खाली बघून "आगं बया" म्हणाली, आणि प्रसाद खाऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

त्याच सुमारास तिचा एकतीसचा उपास सुरू झाला. ज्या महिन्याला एकतीस तारीख असेल त्या दिवशी ती जेवायची नाही. भावजया सांगायच्या, सासूबाईंनी नवस केलाय. गावातल्या बायका कौतुकाने बोलायच्या. मी एकदा दिवाळीत तिची चेष्टा केली होती, "आई, सगळ्यांचे देव तिथी बघतात. तुझा देव इंग्रजी कॅलेंडर बघतो व्हय गं?" ती हसली. तोंडावर पदर घेऊन बराच वेळ हसली. मीही हसले. वर्षभर याद्या जोडायचं काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात या दोन गोष्टी काही जुळल्या नाहीत.

जोडतक्ता पुरा होत आला, की काही घरी प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायची असते. माझ्या वाट्याला आलेला एक दिवस नेमका डिसेंबरची एकतीस तारीख होता. सकाळी नऊलाच पौडच्या पुढे गाड्यांची रांग लागली होती. सगळं पुणं थर्टी फर्स्टला धरणाच्या पाण्याकडे निघालेलं. आम्ही मात्र वर डोंगरात, कातकरी वाडीवर गेलो. तिथे आमच्या यादीत एक म्हातारी होती. मूलबाळ नाही, घरात दुसरं माणूस नाही, म्हणून "आधार नाही". डब्याच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं.

ती दारात बसून हिरडे निवडत होती. मी डब्याचं सांगितलं. तिने ऐकलं आणि शेजारच्या बाईला हाक मारून म्हणाली, "ऐकलं का? माझ्यासाठी गाडीतून भाकर येनार हाय." दोघी हसायला लागल्या. मग मलाच कीव आल्यासारखं म्हणाली, "बाय, हितं कुनाची बी चूल पेटली का पयली भाकर म्हातारीची. डबा ज्याला न्हाई त्याला दे." मी वहीत तसं लिहून घेतलं. खाली उतरताना मी सोबतच्या सहकाऱ्याला म्हणाले, चौकटीत हे कुठे बसवायचं, विचार करावा लागेल. मला तो गमतीदार अपवाद वाटला होता.

परतीच्या वाटेवर माल्याच्या थांब्यावर आई दिसली. शेडमधल्या सिमेंटच्या बाकावर, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. दुपारचा दीड वाजला असेल. मी गाडी थांबवायला लावली.

"आई, हितं काय करतीस? कुटं निघालीस?"

"कुटं न्हाई. बसलीया."

"सध्या कुनाकडं हायस?"

"धाकट्याचे तीस काल झाले," ती म्हणाली. "थोरल्याचे उद्यापासनं."

"आन आज?"

"आज उपास न्हाई का माजा?"

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि मी तिच्याशेजारी खाली बसले. मामाने महिना तीस दिवसांचा धरला होता. कॅलेंडरने काही धरला नव्हता. उरलेला दिवस कुठेतरी जाणारच होता, आणि तो कुठे जातो हे विचारायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, तेही आढेवेढे घेत. "पयल्या एकतीसला दोगी बोलाय लागल्या. ही म्हनती, माजे तीस झाले. ती म्हनती, अजून एक तारीख न्हाई. शेजारनी दारात येऊन हुब्या. मला लाज वाटली. मी म्हनलं, आगं भांडू नका, आज माजा उपासच हाय. गप झाल्या. मंग पुढच्या एकतीसला कुनी इचारलंच न्हाई."

"मग घरात बसायचं. हितं रस्त्यावर कशाला?"

"घरात बसलं की त्येन्ला जेवताना जड जातंय."

रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या. टपावर बांधलेल्या गाद्या, काचेतून बाहेर आलेले हात, गाणी. धाकट्या भावाने त्या वर्षी पाण्याकडेला तंबू लावले होते आणि दोघी वहिन्या सकाळपासून तिकडेच पाहुण्यांच्या स्वयंपाकाला गेल्या होत्या. शंभरेक माणसांचं जेवण होतं म्हणे. माझे भाऊ दुष्ट नाहीत. आईला ताप आला की थोरला तिला पाठीवर घालून नेईल असा आहे, आणि धाकटा दर दिवाळीला तिला दोन लुगडी घेतो, कारण एक तिला आवडलं नाही तर दुसरं असावं. पण दोघांनीही तो उपास नवसाचा आहे असं धरून टाकलं होतं. त्यांनाच का बोलू, मीही तेच धरलं होतं.

मी टपरीवरून केळी आणली. तिने एक खाल्लं, साल पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "जा आता तू. गाडीवाला खोळंबलाय."

त्या वेळी एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. चल माझ्यासंगं. गाडीत जागा होती, पिशवी तर भरलेलीच होती. पण घरी दोनच खोल्या, त्यातली एक नवऱ्याच्या ऑफिसच्या कामाने अडलेली. संध्याकाळी पाहुणे येणार होते. भावांना वाटलं असतं बहिणीने गावात नाक कापलं. आणि मुख्य म्हणजे ती येणारच नाही, लेकीच्या दारात ती कशाला येईल. एवढी सगळी कारणं मी मनातल्या मनात दिली, शेवटचं तर तिच्याच वतीने, तिला न विचारता. आणि तोंडाने म्हणाले, "मी बघते काय करायचं ते."

"व्हय, बघ," ती म्हणाली.

मी काय बघितलं, तर नियम. जानेवारीत ऑफिस उघडल्या उघडल्या मॅडमसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पाळी म्हणजे दुहेरी आधार नाही, पाळीला सांधा असतो आणि माणूस त्या सांध्यात पडतं, माझा नियम चुकलाय. मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावरचा प्रसंग मला कळतोय. पण एका घरावरून नियम बदलता येत नाही. आणि ते घर तुमचं आहे म्हणून तर मुळीच नाही. विचारून घेऊ या. पुरवणी पाहणी करा."

त्यांचं बरोबर होतं. मी पुरवणी पाहणीचा फॉर्म तयार केला. पाळीवर जेवणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारायचा मुख्य प्रश्न मी चार दिवस घासूनपुसून लिहिला: "गेल्या महिन्यात असा एखादा दिवस गेला का, ज्या दिवशी कुठल्याच घरी तुमचं जेवण झालं नाही?" आपल्याच नातेवाइकांना प्रश्न विचारायचे नाहीत असा दंडक असतो, म्हणून माल्याला दुसरी मुलगी गेली. मंजुरी, छपाई, प्रशिक्षण यात वेळ गेला आणि पाहणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली.

उत्तरं आली. जवळपास सगळ्यांचं "नाही". आईचंही "नाही".

मी संतापून तिला फोन लावला. "तुला समदं ठावं असून खोटं का सांगितलंस?"

"खोटं कुटं सांगितलं?" ती म्हणाली. "त्या पोरीनं इचारलं, म्हागल्या म्हैन्यात उपाशी हुता का. म्हागल्या म्हैन्यात मी रोज जेवले की."

फोन ठेवला आणि मग समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मागचा महिना फेब्रुवारी होता. त्यात एकतीस काय, तीसही नव्हती. पाहणी मार्चात ठेवल्याचं पत्रक मीच काढलं होतं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पण मुदत संपत आली होती आणि परत पाहणी करायला माणसं नव्हती. यादी गेली. पाळीच्या सगळ्या म्हाताऱ्या "भक्कम आधार" म्हणून गेल्या. वाडीवरच्या म्हातारीला डबा सुरू झाला, आणि ती तो शेजारच्या पोरांना वाटते असं कळलं.

मधल्या काळात मी थोरल्या भावालाही फोन केला होता. तो गोंधळून म्हणाला, "आगं, तिचा नवस हाय तो. हितंच बसलीया, तिलाच इचार." मागून आईचा आवाज आला, "व्हय, नवस हाय माजा." झालं. तिने स्वतःच कुलूप घातल्यावर मी कुणाशी भांडणार होते? मार्चच्या एकतीसला मी रजा काढून गेले, आणि शेडमध्ये बसून तिला डब्यातली पोळी-भाजी खाऊ घातली. उपास मोडला म्हणून तिने कान धरले आणि मग सगळं खाल्लं, डबा पुसून खाल्ला. मेच्या एकतीसलाही येते म्हणाले होते. त्या आठवड्यात जोडतक्ता छपाईला द्यायचा होता. मी फोनही केला नाही.

जुलैत ती गेली. थोरल्याची पाळी चालू होती. पावसात छातीत कफ झाला, पौडला दवाखान्यात ठेवलं, चौथ्या दिवशी संपलं. थोरला तिच्या उशाशी होता, धाकटा औषधं आणायला धावत होता. मी पोचले तेव्हा दोघं पायरीवर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं. दहाव्याला कावळा पटकन शिवला, आणि सगळे म्हणाले, म्हातारीचं काही मागं राहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर एक शेवटचं काम उरलं होतं. असा माहितीसंच इतर अभ्यासकांना खुला करायचा, तर त्यातून माणूस ओळखू येईल असं सगळं काढून टाकावं लागतं. गावं, आडनावं, नोकरीची ठिकाणं. पुरवणी फॉर्मच्या शेवटी "शेरा" म्हणून एक मोकळी जागा होती. विचारणाऱ्या मुलींना वाटेल ते तिथे लिहायचं. असला मजकूर चौकटीतल्या कुठल्याच शब्दाखाली जात नाही, म्हणून जोडताना मी तो रकाना न वाचता बाजूला ठेवला होता. सगळेच ठेवतात. पण आता पुसायचं काय ते ठरवायला प्रत्येक शेरा वाचणं भाग होतं.

बहुतेक शेरे साधे होते. ऐकू कमी येते. कुत्रा आहे. चहा दिला. मी दोन दिवस वाचत होते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आईची ओळ आली. तिचा क्रमांक मला पाठ होता. विचारायला गेलेल्या मुलीचं अक्षर सुंदर असावं, कारण टंकणाऱ्याने एकही चूक केली नव्हती.

"मुलगी हिंजवडीत असते. तिने ये म्हटलं तर जाईन, म्हणाल्या. मी म्हटलं, मग विचारा की. म्हणाल्या, ते तिनं विचारायचं असतं."

मी उठून पाणी प्यायले. परत येऊन बसले. मला त्या शेडमधला तिचा हात आठवत होता, पिशवीचे बंद धरलेला. आणि आयुष्यभर मी जो नकार तिचा म्हणून धरून चालले होते, तो माझाच होता, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की रडूसुद्धा आलं नाही. ते नंतर आलं, आणि अजून केव्हाही येतं.

नियमाप्रमाणे मी "हिंजवडीत" हा शब्द काढला आणि तिथे "शहरात" असं घातलं. बाकीच्या मजकुरावरून मुलगी कोण ते कुणालाही ओळखू येणार नव्हतं, म्हणून तो तसाच ठेवून मी पुढची ओळ उघडली.